झऱ्यावरच्या घराचं दार

बस खालच्या रस्त्यावर थांबली, हात्सुए काठी टेकत उतरली आणि तिला डोंगराच्या उतारावर लाल दारं दिसली.

नुसत्या चौकटीच होत्या त्या. लोखंडाच्या, लालभडक रंगवलेल्या, माणूस न वाकता जाईल एवढ्या उंच. मागे घर नाही, भिंत नाही. भातखाचरांच्या बांधांवर, गवतात एकेकट्या उभ्या. जुनी पायवाट एका चौकटीतून निघून दुसरीत शिरत वरच्या आळीकडे चढली होती.

शेजारच्या योनेकोनं फोनवर सांगितलंच होतं म्हणा. या वर्षी आपल्या गावात, आकेझावात, शिल्पवाट होणार, तोक्योची माणसं येऊन रानात काय काय उभं करतायत. बांबूच्या बनात एक चकचकीत गोळा ठेवलाय, त्यात माझं नाक भोपळ्याएवढं दिसतं, असं ती म्हणाली होती. बंद पडलेल्या शाळेच्या खुर्च्या एकीवर एक रचून मनोरा केलाय, आणि तो बघायला लोक तिकीट काढून येणार म्हणे. दोघी फोनवर पोट धरून हसल्या होत्या. पण दारांबद्दल योनेको काही बोलली नव्हती.

हात्सुए चढू लागली. पाय जड झाले होते. हिवाळाभर नागाओका शहरात मुलाच्या सातव्या मजल्यावरच्या घरात बसून ते जड होणारच. नवरा गेल्यापासून मुलगा तिला हिवाळ्यात तिथे नेई, आणि बर्फ वितळलं की ती परत येई. यंदा मात्र मे संपत आला तरी ती तिथेच होती. दर रविवारी योनेकोचा फोन यायचा, आणि दर रविवारी ती सांगायची, अजून नको येऊस, यंदा बर्फ फार रेंगाळलंय, तुझ्या घराच्या सावलीच्या बाजूला अजून गुडघाभर आहे. दर वर्षी एप्रिलात योनेको फुकी या रानभाजीचे पहिले कडवट कोंब कागदात गुंडाळून पाठवायची, ते मिसोत, सोयाबीनच्या आंबवलेल्या वाटणात, परतून खाल्ले की हात्सुएला घरी गेल्यासारखं वाटायचं. यंदा तेही आले नाहीत. बर्फाखालून डोकंच वर काढलं नाही गं त्यांनी, असं योनेको म्हणाली होती. शेवटी हात्सुएला राहवेना. मुलगा कामावर गेल्यावर तिनं पिशवी भरली आणि सरळ बस धरली.

आता फुकीची पानं वाटेच्या दोन्ही अंगांना छत्रीएवढी झालेली तिनं पाहिली. कोंब येऊन गेल्याला महिना उलटला असणार. पाहिलं, आणि मनाशी म्हणाली, इकडे उन्हाच्या बाजूला लवकर वितळलं असेल.

पहिल्या चौकटीपाशी ती दम खायला थांबली. वरच्या पट्टीवर अक्षरं कोरलेली होती: गिरणीचं. हात्सुएनं ती बोटानं चाचपली. गावात झाडून सगळ्यांचं आडनाव ताकिझावा, त्यामुळे माणसं ओळखली जायची ती घराच्या नावानं. गिरणीच्या घरची सून अडली होती तेव्हा हात्सुएच्या नवऱ्यानं, एइसाकुनं, आणखी तिघांना घेऊन तिला बर्फातून घसरगाडीवर खाली नेलं होतं. वाटेतच मुलगी झाली. चौघे गडी घाबरून तोंड फिरवून उभे, आणि बाळंतिणीनंच त्यांना दरडावलं की कुणीतरी आपला अंगरखा काढून द्या. ती मुलगी आता स्वतः आजी झाली असेल, कुठे कोण जाणे. पुढची चौकट कोपऱ्यावरच्या घराची. गावातला पहिला टीव्ही त्यांच्याकडे आला, आणि कुस्त्या बघायला सगळी आळी त्यांच्या ओसरीत लोटायची. त्या घरची म्हातारी येणाऱ्याला आधी पाय धुवायला लावायची आणि मग आपणच सगळ्यांत पुढे बसायची. मग लोहाराचं. मग मधमाश्यांचं.

एकेका दारातून जाताना हात्सुएला वाटलं, ज्यानं कुणी हे केलं त्याला कळतंय बरं का. घरं गेली. काही बर्फाच्या भारानं बसली, काही पाडली. पण आत जाताना पाऊल जरा उचलायचं असतं, ते या चौकटींनी राखलं होतं.

वळण घेऊन ती आपल्या खाचरापाशी आली. झऱ्याचं पाणी ज्यात पहिल्यांदा उतरतं, ते एइसाकुचं आवडतं खाचर. त्याच्या बांधावर एक लाल चौकट उभी होती. तिच्यावर लिहिलं होतं: झऱ्यावरचं.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला बरंच वाटलं. आपलं नाव इतक्या सुंदर अक्षरांत तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं पुढे योनेकोच्या घराची, देवळाखालची चौकट शोधली. ती नव्हती. वाट तिच्याच दारातून निघून देवळाकडे सरळ गेली होती. राहिली असेल करायची, असं म्हणत ती घराच्या अंगणात आली.

घराच्या फळ्या लावलेल्याच होत्या.

त्या मुलखात हिवाळ्याआधी प्रत्येक घराभोवती फळ्या चढतात. खांबांच्या खाचांत एकीवर एक आडव्या सरकवायच्या आणि दोरानं आवळायच्या, म्हणजे बर्फाचा दाब खिडक्यांवर, ओसरीवर येत नाही. हे काम एकट्याचं नाही, एक माणूस या टोकाला, एक त्या. हात्सुए आणि योनेको या दोघींनी ते कैक वर्षं एकमेकींसाठी केलं होतं. दोघींचे नवरे गेले, कोपऱ्यावरचं घरही बंद झालं आणि वरच्या आळीत दोनच धुराडी उरली, तेव्हा एकदा ओसरीवर चहा पिताना त्यांनी शब्द दिला होता. तुझं घर उघडं आहे तोवर मी माझं बंद करायची नाही, आणि माझं आहे तोवर तू. तेव्हापासून दर नोव्हेंबरात शेवटची फळी चढली की योनेको म्हणायची, "बर्फ गेलं की काढते हं." आणि हात्सुए म्हणायची, "वाट बघते." मग ती पिशवी उचलून मुलाच्या गाडीत बसायची. वसंतात ती परत यायची तेव्हा फळ्या निघालेल्या असायच्या, खिडक्या उघड्या असायच्या, चुलीशेजारी पाणी भरून ठेवलेलं असायचं.

आणि आता मे संपत आला होता. हात्सुएच्या मनात एकच आलं, योनेकोला काहीतरी झालं. परवाच्या रविवारी फोन आला तेव्हा ती ठीक होती, पण आपल्या वयाला तेवढे दिवसही पुष्कळ झाले. ती पिशवी तिथेच टाकून देवळाकडे जवळजवळ धावली.

योनेको परसात भाताचं मोठं पातेलं दोन्ही हातांनी उचलून चुलीवरून उतरवत होती. अंगात शिल्पवाटेचा नवा लाल एप्रन. हात्सुएला पाहून तिनं पातेलं खाली ठेवलं.

"मला वाटलं तू मेलीस," हात्सुए धापा टाकत म्हणाली.

"इतक्यात कुठली मरते," योनेको म्हणाली. "पण तू अशी न सांगता... कळवायचंस तरी, बाई."

"फळ्या तशाच आहेत गं माझ्या."

योनेकोनं हात एप्रनला पुसले, पुसतच राहिली. मग म्हणाली की कंबर गेली, मार्चपासून वाकता येत नाही, तुला उगाच काळजी नको म्हणून बोलले नाही. हात्सुएचा जीव भांड्यात पडला. ती योनेकोलाच रागं भरली, असं लपवतात का, म्हणून. त्या संध्याकाळी तिनं योनेकोला पालथं झोपवून कमरेला औषधाच्या पट्ट्या लावल्या आणि अंगठ्यानं दाबून दिलं. योनेको उशीत तोंड खुपसून पडली होती. कळ येते का, असं हात्सुए विचारी, आणि ती नुसती मान हलवी. भरलेलं पातेलं तिनं कसं उचललं, हे हात्सुएनं पाहिलं होतं. पण डोळ्यांनी पाहिलेलं मनापर्यंत पोचायला कधी कधी वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं फळ्या काढल्या. एक टोक उचलायचं, टेकवायचं, मग फिरून दुसऱ्या बाजूला जायचं. घरात ओल्या गवतासारखा वास कोंडला होता. तिनं सगळं उघडून टाकलं, पितरांच्या देव्हाऱ्यात एइसाकुच्या फोटोपुढे भात ठेवला आणि त्याला सांगितलं की चौकटीचं काहीतरी चुकलंय, त्या करणारी तोक्योची कुणी बाई आहे म्हणे, तिला सांगायला हवं. बंद घरांची दारं करताना फळ्या बघून तिनं आपल्यालाही धरलं. बिचारीला काय माहीत.

गाव वाटेच्या कामाला जमेल तेव्हा ती ते सांगणार होती.

वाटेचं काम म्हणजे गवत काढायचं, चर मोकळे करायचे. घरटी एक माणूस यावंच लागतं. सगळे खालच्या पाराशी जमतात आणि गावप्रमुख खालून वर एकेका घराचं नाव पुकारतो. शिगेजी आता गावप्रमुख होता. त्याच्या बापाच्या वेळेपासून शेवटचं नाव ठरलेलं, झऱ्यावरचं, कारण ते सर्वांत उंचावर. ते नाव घेऊन झालं की कोयते उचलायचे. लाल चौकटी करणारी मिनेगिशीबाईसुद्धा आली होती, चाळिशीची, मातीनं माखलेले बूट घालून, हातात गावठी विळा धरून. हात्सुएला ती पाहताक्षणी आवडली.

शिगेजी पुकारत गेला, माणसं "आलो", "आले" म्हणत गेली. देवळाखालचं, असं तो म्हणाला आणि योनेको हळूच "आले" म्हणाली. हात्सुएनं तोंड उघडलंच होतं. शिगेजीनं वाकून कोयता उचलला.

"शिगेजी, एक राहिलं," ती म्हणाली.

"काय राहिलं, काकू?"

"झऱ्यावरचं."

शिगेजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो घुटमळत म्हणाला की काकू तुम्ही चार दिवस पाहुण्या म्हणून आलात ना, गवत काढायला तुम्हाला कोण लावणार. कुणीतरी खाकरलं. हात्सुए म्हणाली की मी पाहुणी नाही, माझ्या घरी आले आहे, आणि ती चौकट चुकून लागलीय.

मिनेगिशीबाई पुढे झाली. खाली वाकून नमस्कार केला तो बराच वेळ वर उठलीच नाही. मग तिनं सांगितलं की खालच्या सगळ्या घरांच्या फळ्या निघाल्या तरी या घराच्या तशाच होत्या. गावात ज्याला विचारावं तो म्हणे, फळ्या निघाल्या नाहीत म्हणजे घर बंद झालं. तरी तिचं समाधान होईना, जिवंत माणसाच्या घराचं दार चुकून उभं राहायला नको म्हणून तिनं पुन्हा चौकशी केली, थेट शेजारी जाऊन.

आणि अगदी सरळ मनानं ती वळली. "योनेकोसान, तुम्हीच म्हणालात ना, त्या आता यायच्या नाहीत, नाव घाला म्हणून?"

योनेको आपल्या विळ्याच्या मुठीकडे बघत होती.

हात्सुएला तेव्हा एकदम सगळंच दिसलं. छत्रीएवढी पानं, न आलेले कोंब, गुडघाभर बर्फ, भरलेलं पातेलं. आणि आपला अंगठा त्या धडधाकट कमरेवर दाबत असलेला.

"कात्सुहिकोचा फोन आला होता," योनेको शेवटी म्हणाली. "तुझ्या मुलाचा. गयावया केलीन. आई परत गेली तर बर्फ काढायला छतावर चढेल, बाबा पडून गेले तशी जाईल, तुम्ही फळ्या काढू नका म्हणाला. मी काय करणार होते?"

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," हात्सुए म्हणाली. "पण मला माहीत तरी असतं."

मिनेगिशीबाई म्हणाली की चौकट उद्याच काढते. शिगेजी मान खाजवत म्हणाला की नकाशे छापून झालेत, पंधरवड्यात लोक यायला लागतील, पण काकू म्हणतील तसं. सगळे हात्सुएकडे बघू लागले. तिच्यावर दया करणारे इतके डोळे तिला नको होते.

"राहू दे बर्फ पडेपर्यंत," ती म्हणाली. "मी गेल्यावर लोक काय बोलतात ते ऐकायला मिळेल मला. असं भाग्य कुणाला मिळतं?"

दोघेतिघे हसले. योनेको हसली नाही. हात्सुएनं विळा उचलला आणि सर्वांत वरच्या टोकाला जाऊन गवत काढायला बसली.

उन्हाळा त्या दारानं खाऊन टाकला. माणसं यायची, टोप्या घातलेली, पाण्याच्या बाटल्या घेतलेली. दारातून जाऊन मागे वळून बघायची, हळू आवाजात बोलायची. हात्सुए शेजारच्या वाफ्यात सोयाबीनचं तण काढत असायची. एकदा एका प्रौढ बाईनं चौकटीपाशी हात जोडले, डोळे टिपले आणि रानफुलांची जुडी ठेवली. हात्सुए वाफ्यातून म्हणाली, "इथली म्हातारी फार तिरसट होती हो, एवढं रडू नका." बाईनं विचारलं, तुम्ही ओळखायचात त्यांना? "शेवटपर्यंत," हात्सुए म्हणाली. फुलं ती संध्याकाळी घरी नेऊन एइसाकुपुढे ठेवायची. तुझी बायको मेली आणि फुलं तुला, असं त्याला म्हणायची.

योनेकोनं देवळापाशी भाताचे गोळे आणि काकडीचं लोणचं मांडलं होतं. येणारे-जाणारे तिथे बसायचे. दोघी एकमेकींना दिसायच्या, गरजेपुरतं बोलायच्या. हात्सुएचा राग हळूहळू मुलाकडे वळत होता. आईच्या जिवाला भिऊन मुलगा रडला, आणि मैत्रीण पाघळली. हे तिला गिळता येत होतं, कडू औषधासारखं. जुलै संपता संपता तिनं योनेकोला पाटीभर शेंगा नेऊन दिल्या. योनेकोनं त्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि पाटी परत द्यायला विसरली.

ऑगस्टात, पितरांच्या दिवसांत, कात्सुहिको आला. दोघांनी मिळून थडगं धुतलं, उदबत्त्या लावल्या. परतताना लाल चौकटीपाशी तो थबकला आणि चेहरा वाकडा करून बाजूनं गेला, आतून नाही. घरी कलिंगड कापून पुढे ठेवल्यावर त्यानं विषय काढला. या हिवाळ्यातही तिनं यावं, आणि खरं म्हणजे कायमचंच. हात्सुए म्हणाली की ते नंतर बोलू. आधी सांग, माझ्यामागे योनेकोला फोन करून फळ्या काढू नका म्हणायला तुला लाज कशी वाटली नाही?

कात्सुहिकोनं हातातली फोड खाली ठेवली.

"मी? मी नाही केला फोन, आई. काकूंनी केला मला."

हात्सुए त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं सगळं सांगितलं. फेब्रुवारीत, बर्फ ऐन भरात असताना, योनेको काकूंचा फोन आला. म्हणाल्या, तुझ्या आईला आता तिथेच ठेव, इथलं मी बघते, फळ्या काढत नाही म्हणजे तिला यायला घरच राहणार नाही. त्याला वाटलं, दोघींचं आपसांत बोलणं झालंय आणि आईला स्वतःहून म्हणवत नाहीये.

"मला विचारायचंस."

"काकू म्हणाल्या, तिला विचारू नकोस." तो जरा थांबला. "आणि मला ते सोयीचं होतं. नाही विचारलं."

निदान हा खरं तरी बोलला, असं हात्सुएला वाटलं. तिनं कलिंगडाच्या साली गोळा केल्या आणि परसात नेऊन टाकल्या. तिथून देवळापाशी बसलेली योनेको दिसत होती, कुणा पोरींना वाकून वाकून दारांची वाट दाखवत होती.

तिनं लगेच काही केलं नाही. कापणी झाली, पेंढ्या वाळायला दांड्यांवर चढल्या. शिल्पवाटेला येणारी माणसं विरळ झाली, बांबूच्या बनातला गोळा पाचोळ्यानं झाकला. शरदातल्या वाटेच्या कामाला शिगेजीनं शेवटी "झऱ्यावरचं" असं जरा जास्तच मोठ्यानं पुकारलं, आणि ती "आले" म्हणाली. त्याच दुपारी ती देवळाखालच्या घरी गेली. ओसरीत दोरानं बांधलेल्या पेट्या होत्या. योनेकोची मुलगी मिदोरी तोक्योजवळच्या साइतामाहून येऊन त्या बांधून गेली होती.

हात्सुए ओसरीच्या कडेवर टेकली. "फोन तू केलास," ती म्हणाली.

योनेको वाळलेल्या शेंगा सोलत होती. सोलायचं थांबली नाही.

"मिदोरीनं माझी खोली केव्हाची तयार केलीय," ती म्हणाली. "तळमजल्यावर, पायऱ्या नसलेली. मी दर वर्षी म्हणत आले, हात्सुएचं घर उघडं आहे, मला येता येणार नाही. ती हसायची. हात्सुएकाकू तर नागाओकाला उबेत बसल्यात म्हणायची." तिनं शेंगेतला दाणा बोटानं उडवला, तो सूप सोडून अंगणात गेला. "तू जातेस गं. मी राहते. सकाळी उठून बर्फ तुडवत वाट काढायची, कुणासाठी? परत येताना माझ्याच पावलांची. तुझ्या छतावरचं बर्फ फार झालं की खाली फोन मी करायचा. आणि मग वसंतात तू यायचीस टवटवीत होऊन, आणि विचारायचीस, काय गं, कसा गेला हिवाळा."

हे हात्सुएनं कधी असं पाहिलं नव्हतं. पण ते पाहूनही छातीतला दगड हलला नाही.

"फेब्रुवारीत मी परसात पडले," योनेको म्हणाली. "उठता येईना. तेव्हाच ठरवलं, जायचं. पण शब्द मला मोडायचा नव्हता."

"म्हणून माझ्याकडून मोडवलास."

योनेकोनं आणखी एक शेंग उचलली.

"नुसतं जाते म्हणाली असतीस," हात्सुए म्हणाली, "तर तुझं बोचकं मी बांधून दिलं असतं."

"माहीत होतं मला. म्हणून तर म्हणता येईना." योनेकोनं पहिल्यांदा वर पाहिलं. "तू बोचकं बांधून दिलं असतंस, आणि मग या आळीत एकटी राहिली असतीस. ते डोळ्यांसमोर घेऊन मी तिथे कशी झोपले असते? तू आधी गेलेली बरी, असं वाटलं."

"आणि मला ती चौकट?"

"ती बाई विचारायला आली. मी म्हटलं, घाला. लोखंडात कोरलं म्हणजे संपलं."

हात्सुए उठली. ओसरीच्या कोपऱ्यात तिची पाटी होती, शेंगांची. ती तिनं उचलून घेतली आणि घरी आली.

नोव्हेंबरात मिनेगिशीबाई दोन गडी घेऊन आली आणि तिनं चौकट उपटली. बांधावर दोन भोकं राहिली, त्यांत लगेच पाणी साचलं. वितळवून टाकते म्हणाली. हात्सुए म्हणाली, नको, चांगलं लोखंड आहे, माझ्या उत्तरेच्या भिंतीला टेकवून द्या, तिकडे बर्फाचा दाब जास्त असतो. बाईनं आणि गड्यांनी ती चौकट भिंतीला तिरकी लावून दिली, 'झऱ्यावरचं' ही अक्षरं आतल्या बाजूला करून. मुलाला हात्सुएनं सांगून टाकलं होतं की या हिवाळ्यात मी इथेच. तो आधी चिडला, मग नमला. शिगेजीनं छतावरचं बर्फ काढायला खालची पोरं पाठवायचं कबूल केलं, आणि तिच्याकडून वदवून घेतलं की ती शिडीला हात लावणार नाही.

मिदोरी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन यायची होती. देवळाखालच्या घराच्या फळ्या जावयानं लावल्याही होत्या. त्या संध्याकाळी योनेको हात्सुएच्या अंगणात आली, दर वर्षीसारखी, खांद्यावर दोर टाकून.

हात्सुए तिला नको म्हणाली नाही. फळ्या एकटीनं चढत नाहीत. फक्त या वेळी ती आत ओसरीवर राहिली. योनेको बाहेरून फळी उचलून खाचेत टेकवी, हात्सुए आतून टोक धरून बसवी. दोघींचे हात आपोआप चालत होते, कोणती फळी कुठली, कुणाला विचारावं लागत नव्हतं. आधी योनेकोची चप्पल दिसेनाशी झाली, मग गुडघे, मग एप्रन. अंधार पायांकडून वर चढत गेला. शेवटी वरच्या फटीतून नुसते योनेकोचे डोळे आणि कपाळ उरलं. तिनं शेवटची फळी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"बर्फ गेलं की..." ती म्हणाली आणि अडखळली. मग म्हणाली, "मिदोरीला सांगेन. बर्फ गेलं की येते मी. काढते हं."

फळी खाली बसली. बाहेरून दोराचं टोक चाचपडत असल्याचा आवाज आला. ते तिला सापडेना.

"दोर आतून बांधलाय मी," हात्सुए म्हणाली. "बाहेरून सुटायचा नाही."

चाचपडणं थांबलं. वारा देवळामागच्या झाडांतून येऊन फळ्यांवर आदळला. योनेको गेली नव्हती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"हात्सुए," ती म्हणाली. "माझ्या घराच्या फळ्या कोण काढेल गं?"

हात्सुएनं दोराला आणखी एक गाठ मारली, आणि ती घट्ट बसली की नाही ते ओढून पाहिलं.